विनाथांबा गाडीतले तांदूळ

तुम्ही खोटं बोललात. काचेच्या दाराआड बसून, गार पाण्याची बाटली पुढं सरकवून, दर वाक्याला 'मॅडम' लावून खोटं बोललात. तुमच्या कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही वकील धाडाल, आणि वकिलाशी बोलत बसायला मला सवड नाही. माझी पिठाची गिरणी आहे, उजाडल्यापासून दारात डबे रांगेत लागतात. पण वाचताय ते तुम्हीच, हे मला ठाऊक आहे. तेव्हा नीट बसा आणि ऐका.

तुमच्या त्या निनादनं टेबलावर एक पारदर्शक पुडी ठेवली. टायवाला, केसांना तेल नाही पण जिभेला भरपूर, तोच निनाद. पुडीत कुंकवानं लाल झालेले तांदळाचे थोडे तुकडे होते आणि झेंडूची एक सुकलेली पाकळी.

"हे काय आहे, मॅडम?"

"तांदूळ. गिरणीवालीला तांदूळ ओळखायला लावताय होय?"

"अक्षता आहेत, मॅडम. तुमच्या गाडीच्या टर्बोमध्ये निघाल्या."

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, हे मला तेव्हाच कळलं. तो भिंगरीसारखा गरगर फिरतो, आणि त्यात तांदळाचा दाणा गेला की पात्यांचं पार भुस्कट होतं. आमचं तसंच झालं होतं. गाडी चढाला शिट्टी मारत मारत काळा धूर ओकून बंद पडली होती आणि तुमच्याच क्रेननं तुमच्या दारात आली होती.

"दसऱ्याला घरी पूजा केली असणार," निनाद हसून म्हणाला. "बॉनेट उघडून. श्रद्धेला आमची हरकत नाही, मॅडम. पण बाहेरची वस्तू इंजिनात गेली की वॉरंटी लागू होत नाही. अयोग्य देखभाल."

"आमच्याकडं पूजा झालीच नाही. घरात सुतक होतं."

"मग अक्षता कुठून आल्या?"

"तुम्हीच सांगा. खंडेनवमीला गाडी तुमच्याकडं सर्व्हिसिंगला होती. तुम्ही केलीत का पूजा?"

"छे छे, मॅडम! इथं आम्ही गाडीत बाहेरचा कणसुद्धा जाऊ देत नाही. प्रोटोकॉल असतो." असं म्हणून त्यानं माझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडं मान वळवली. "एअर फिल्टर उघडल्याशिवाय तांदूळ आत जाऊच शकत नाही. काका, घरी फिल्टर कोण उघडतं?"

काका म्हणजे माझे वडील, आबा. यशवंत बाबर, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभ्या हयातीत एक अपघात नाही, त्याचा बिल्ला अजून खिशाला लावतात. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. मी डोळ्यांनी खुणावत होते, गप्प बसा, गप्प बसा.

"उघडला हुता," आबा म्हणाले. "पयल्या सर्व्हिशीच्या आदी. फुंकर मारून परत बशिवला."

"बघा!" निनाद म्हणाला, आणि पुडी उचलून खिशात टाकली. जसा काही खटला संपला.

आता ही गाडी काय होती ते सांगते. मी लग्न केलं नाही, गिरणी टाकली. गिरणी चालली, शेजारी मिरची-कांडप चाललं, आणि एक दिवस मी आबांना विचारलं, "दुसऱ्याच्या गाड्या जन्मभर चालवल्यात, एक स्वतःची चालवायची का?" आबा परड्यात जाऊन, गाडी मावेल एवढी जागा पावलांनी मोजून आले.

गाडी आली त्या दिवशी आबांनी माळ्यावरून एक पाटी काढली. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या सोबत्यांनी त्यांना नारळ आणि शालीबरोबर एसटीची जुनी लोखंडी पाटी भेट दिली होती. पिवळ्यावर काळी अक्षरं : 'विनाथांबा'. ती त्यांनी नव्या गाडीच्या पुढच्या काचेत डाव्या बाजूला उभी केली. मी म्हटलं, "आबा, लोक हात दाखवतील." म्हणाले, "म्हून तर लावली. दाखवू नयेत."

ह्या पाटीवर आमच्या घरात एक जुनं महाभारत झालेलं आहे. आमची बेलेवाडी विट्याहून सांगलीला जाताना रस्त्यातच लागते, पण विनाथांबा गाडी तिथं थांबत नाही. एकदा माझे चुलते, म्हणजे आबांचे थोरले भाऊ तात्या, शेंगांचं पोतं आणि बायको घेऊन फाट्यावर उभे होते. लांबून गाडी आली, ड्रायव्हर सख्खा भाऊ. तात्यांनी हात केला. आबांनी हॉर्न दिला, मान लववली, आणि गाडी सुसाट पुढं काढली. तात्या धुरळ्यात उभे. त्या संध्याकाळी आबा घरी आले तेव्हा तात्या दारातच आडवे.

"भाऊ हाय का वैरी रं तू?"

"दादा, इनाथांबा हुती."

"मी दिसलो न्हाई?"

"दिसलास की. म्हून तर हारन दिला."

पूर्ण सुगी तात्या त्यांच्याशी बोलले नाहीत. शेवटी समेट केला तो तात्यांच्या बायकोनं, माझ्या थोरल्या आईनं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या दिराची गाडी बघा की कशी इमानासारखी गेली!" आणि खो खो हसत सुटली. आबांची आई ते रांगत होते तेव्हा गेली. त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत बसवलं ते ह्या वहिनीनं. तेव्हा ती स्वतःच अंगणात चिंचोके खेळायच्या वयाची होती.

तर असा हा नियमाचा माणूस. त्याच्या हातात तुम्ही वॉरंटीचं पुस्तक दिलंत. ठरल्या वेळी सर्व्हिसिंग, ठरल्या ठिकाणी, ठरलेलं तेल. आबांनी ते पोथीसारखं वाचलं. पहिल्या सर्व्हिसिंगला ते निनादला म्हणाले होते, "रोज सकाळी बानेट उघडून बघतो. फिल्टरबी साफ केला."

निनाद दचकला होता. "काका, काही उघडायचं नाही! वॉरंटी जाईल. तुम्ही फक्त चालवा."

"हात लावायचा न्हाई, तर मग गाडी कुणाची?"

"तुमचीच. पण देखभाल आमची."

परत येताना आबा म्हणाले, "सून आपली, पर बोलायचं तिच्या बापाला इचारून." पण त्या दिवसापासून गडी फिल्टरला शिवला नाही. रोज सकाळी बॉनेट उघडायचे, दोन्ही हात पाठीमागं बांधायचे, आणि वाकून नुसतं बघायचे. लग्नात आहेराचं ताट बघतात तसं. कान लावून इंजिन ऐकायचे. चाकांवर लाकडी दांड्यानं टकटक करायचे, कारण टायरवर टकटक करू नये असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं.

गाडीचा पहिला दसरा जवळ आला. एसटीत असताना आबा दर दसऱ्याला बस धुऊन, पुढं ऊस बांधून, झेंडूच्या माळांनी अशी नटवायचे की प्रवासी आत चढायला कचरायचे. आता तर घरची गाडी. घटस्थापनेच्याही आधीपासून त्यांनी परड्यातल्या झेंडूला कुणाला हात लावू दिला नव्हता.

आणि नवरात्रातच थोरली आई गेली. सकाळी चहा प्याली, "पाठ दुखतीय" म्हणाली, आडवी झाली, ती उठलीच नाही.

भावकीला दहा दिवसांचं सुतक. त्यात खंडेनवमी गेली, दसरा गेला. मी आबांकडं बघत होते. एकदा परड्यातल्या झेंडूकडं बघायचे, एकदा गाडीकडं, आणि डोळे पुसत आत यायचे. ते वहिनीसाठी रडत होते हे खरंच. पण मला वाटलं, दसऱ्याच्या दिवशी ती गाडी अशी बोडकी दारात दिसायलाच नको. तुमच्या पुस्तकाप्रमाणं सर्व्हिसिंगची तारीखही येऊन ठेपली होती. मी खंडेनवमीच्या सकाळी गाडी तुमच्याकडं आणून टाकली आणि दसरा झाल्यावर नेली. धुतलेली, पुसलेली, आतून अत्तराचा वास. पुढचे दोन-तीन दिवस ठीक चालली, मग शिट्टी मारायला लागली.

आणि तुम्ही म्हणालात, अक्षता.

मी गावात परत आले ती संतापलेलीच. गिरणीत मोठ्यानं बोलले. गिरणीत मोठ्यानंच बोलावं लागतं, नाहीतर पट्ट्याच्या आवाजात ऐकू जात नाही. मी बोलले की कंपनी लबाड आहे, वॉरंटी द्यायला नको म्हणून गाडीत तांदूळ सापडले म्हणते. बायकांनी पीठ नेलं आणि निम्मी बातमी नेली. संध्याकाळपर्यंत बेलेवाडीत एवढंच उरलं : येशा बाबरच्या गाडीत सुतकातल्या अक्षता निघाल्या.

तात्या काठी टेकत आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"येशा, भाईर ये."

आबा बाहेर आले.

"तुज्या वयनीची राख नदीत सोडून मी घरात टेकलो न्हवतो. आन् तू गाडीला फुलं वायलीस?"

"न्हाई, दादा."

"मग तांदूळ काय उडून आलं? कोंबडी हाय का तुजी गाडी?"

"मला ठावं न्हाई, दादा. मी न्हाई वायलं."

"ज्या बाईनं तुजा शेंबूड पुसला," तात्यांचा आवाज फुटला, "तिच्यासाठी धा दिस कळ न्हाई निघाली तुला?"

मी मध्ये पडले. "तात्या, आबांनी आयुष्यात कधी खोटं..."

"मंदे, तू गप. गिरणीत तूच बोललीस म्हनं."

तेराव्याच्या जेवणाला आबांना बोलावणं आलं नाही. सख्ख्या वहिनीच्या तेराव्याला! पंगत उठल्याचा गलका आमच्या ओसरीपर्यंत येत होता, आणि आबा परड्यात झेंडू उपटत बसले होते. सगळा झेंडू, मुळासकट.

त्यांनी खिशाचा बिल्ला काढून देव्हाऱ्यात ठेवला. जेवणं कमी केलं. मी म्हटलं, "आबा, तुम्ही केलं नाही ना, मग कशाला?" म्हणाले, "मंदा, कंपनीनं म्हटलंय. एवढी मोठी कंपनी खोटं कशाला बोलंल?" ऐकताय ना? तुमच्यावर विश्वास ठेवणारा पृथ्वीवर एक माणूस होता, आणि तुम्ही त्यालाच धरलंत.

मी तात्यांच्या घरी गेले आणि भांडले. शेवटी तात्या म्हणाले, "मला त्ये तांदूळ दावा. डोळ्यांनी बघतो, मग काय ते बोलतो."

"चला मग उद्या."

"येतो. पर मी त्याच्याशी बोलनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं निघालो, कारण गाडी तर तुमच्याकडं पोट फाडून पडलेली. आबा पहिल्या बाकावर, तात्या शेवटच्या बाकावर, मी मध्ये. कंडक्टरनं विचारलं, "तिकिटं एकत्र की वेगळी?" तात्या मागून ओरडले, "वायली!"

तुमच्या त्या गारेगार खोलीत तुम्ही आम्हाला बसवलंत. सोफे, कॉफीचं मशीन, आणि भिंतीवर माझ्या गिरणीच्या दाराएवढा मोठा टीव्ही. गाडीवाल्यांची बरीच गर्दी होती. तात्या आबांकडं पाठ करून बसले. पाठ केली की तोंड टीव्हीकडंच होत होतं, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

मी निनादला म्हटलं, "ह्यांना तांदूळ दाखवा."

"मॅडम, ते सँपल आता कंपनीची मालमत्ता आहे."

"तांदूळ?"

"सँपल."

"बरं, मालमत्ता नुसती दाखवा. चुलत्यांनी बघितली म्हणून झिजणार नाही."

"सरांना विचारावं लागेल." आणि सर, म्हणजे तुमचा मॅनेजर, जेवायला गेले होते. मी आवाज चढवला. निनादनं पाण्याची बाटली पुढं सरकवली. मी बाटली परत सरकवली. अशी ती बाटली टेबलावर चार वेळा इकडून तिकडं फिरली असेल, तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला.

"येशा."

खोलीत मला दुसरं काही ऐकू येईना. उंबऱ्यावरच्या त्या भांडणानंतर पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून निघालं होतं. आबा उठून उभेच राहिले, शाळेत हजेरीला राहतात तसे.

"काय, दादा?"

"ही तुजी गाडी का रं?"

तात्यांची काठी टीव्हीकडं रोखलेली. टीव्हीवर सनई वाजत होती. खाली सोनेरी अक्षरं पळत होती : 'आपला परिवार, आपला दसरा'. तुमचं वर्कशॉप होतं ते. तुमची माणसं डोक्याला फेटे बांधून उभी. पाने, जॅक, हवेचा कॉम्प्रेसर, सगळ्यांना हळदी-कुंकू. आणि गाड्यांची एक रांग, सगळ्यांची बॉनेटं वर. कॅमेरा बाजूनं सरकत आला आणि एका पांढऱ्या गाडीच्या काचेत पिवळ्यावर काळी अक्षरं दिसली.

"मला चार बुकं येत न्हाईत," तात्या म्हणाले. "पर ही पाटी मी जल्मभर शिव्या घालत वाचलीया. इनाथांबा."

त्या गाडीचा फिल्टर काढून बाजूला ठेवलेला होता. काम अर्धं टाकूनच तुमची माणसं पूजेला उभी राहिली होती. गुरुजी आले, मूठ भरली, आणि उघड्या इंजिनावर अक्षता उधळल्या. नवरदेवावर टाकतात तशा, हात न राखता. मागून ताट धरलेला एक माणूस झेंडू कुस्करून टाकत होता. तो निनाद होता. आणि गुरुजींच्या शेजारी रेशमी जाकीट घालून हात जोडून हसत उभा होता तो तुमचा मॅनेजर.

निनाद रिमोटकडं धावला. तात्यांची काठी त्याच्या आधी पोचली, रिमोटवर.

"ऱ्हाऊ दे. परत दाव."

"आजोबा, ते आपोआप परत लागतं..."

"मग बसतो की. मला घाई न्हाई."

आणि आम्ही बसलो. खरं सांगते, सगळी खोली बसली. ज्यांच्या गाड्या तयार होत्या तेही उठेनात. एक जण दुसऱ्याला कुजबुजत समजावत होता, काय ते, अक्षता, टर्बो, सुतक. मधे तुमच्या गाडीची जाहिरात लागली, डोंगर, दरी, नवरा-बायको, कुत्रं. कुणी पापणी हलवली नाही. मग सनई सुरू झाली, फेटे आले, रांग आली, आणि 'विनाथांबा' दिसताच अख्खी खोली एका आवाजात ओरडली, "आली! आली!"

त्याच क्षणी तुमचा मॅनेजर दात कोरत आत आला. त्याला वाटलं मॅच चालू आहे.

आता त्यानं जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण असा माल पुन्हा मिळायचा नाही.

आधी तो म्हणाला, "पूजा ही आमच्याकडून ग्राहकांना मोफत भेट होती."

मी म्हटलं, "आम्ही मागितली होती?"

"मोफत सेवेची जबाबदारी कंपनी घेत नाही."

तात्या म्हणाले, "घरात सुतक हुतं. सुतकातल्या मानसाच्या गाडीला फुलं वायलीत तुमी."

"आजोबा, गाडीला सुतक असतं का?"

"मग गाडीला दसरा असतुय का?"

मॅनेजरनं घाम पुसला. एवढ्या गारव्यात. मग त्यानं ठेवणीतला पत्ता टाकला. "हे बघा, अक्षता गुरुजींनी टाकल्या. गुरुजी आमचे कर्मचारी नाहीत. ते बाहेरचे आहेत."

"बाहेरचे?" मी विचारलं. "बाहेरच्या माणसानं गाडीला हात लावला की वॉरंटी गेली, हा नियम तुमचाच ना? माझ्या बापाला स्वतःच्या गाडीत फुंकर मारायची बंदी, आणि तुमच्या शेडमध्ये बाहेरचा माणूस येऊन मुठी मुठी तांदूळ पेरतो. ते गुरुजी अधिकृत होते की अनधिकृत, एवढंच सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "सांगा, सांगा. माझीपण गाडी होती त्या दिवशी." आणखी दोघं-तिघं उठले. खोलीत एकदम सगळ्यांना आपापल्या इंजिनांची काळजी लागली.

मॅनेजर पटकन म्हणाला, "आपण सदिच्छा म्हणून टर्बो बदलून देऊ. एक पैसा घेणार नाही."

खोलीत टाळ्या झाल्या. मीही सुटकेचा श्वास टाकला. पण आबा जागचे हलले नाहीत. त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"कागदावर काय लिवनार?"

निनादनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "कारण... ते आधीच भरलंय, काका. ग्राहकाकडून अयोग्य देखभाल."

"त्ये काढा."

"दुसरं काही टाकावं लागेल. यातलंच निवडावं लागतं. अपघात, पूर, उंदीर, किंवा ग्राहकाचा निष्काळजीपणा."

"कंपनीची चूक, असं न्हाई त्यात?"

"तसा... पर्यायच नाहीये, काका." मग इकडंतिकडं बघत तो हळूच म्हणाला, "उंदीर टाकू का?"

"उंदीर न्हवता," आबा म्हणाले. "त्याच्यावर आळ कशाला?"

मी कपाळावर हात मारला. पण आबा टेबलाला दोन्ही हात टेकून उभे होते. "सायेब, चूक माजी लिवनार असाल तर गाडी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मी एसटीनं आलोय, एसटीनं जातो. उभ्या जल्मात माज्या नावाफुडं लाल शाई न्हाई. म्हातारपणी फुकटातल्या पंख्यासाटी लावून घ्यायची व्हय?"

मॅनेजर म्हणाला, "मी वर कळवतो. वरून उत्तर आलं की बदलून घेऊ." तो 'वर' म्हणाला तेव्हा त्यानं छताकडं बोट केलं. छताला एसी होता.

गाडी तयार झाल्याचा फोन आला तेव्हा आबा आणायला निघेनात. शेवटी तात्यांनी त्यांना दंडाला धरून एसटीत चढवलं, आणि तिकिटं एकत्र काढली. तुमच्या आवारात तात्या कुणाला न विचारता आमच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"आता मी उतरत न्हाई. चालवायची तर चालव, न्हाईतर हितंच जेवान मागीव."

आबांनी चाकांवर टकटक केली, कान लावला, आणि बसले.

मी मागं बसले. बेलेवाडीचा फाटा दिसायला लागला तसे तात्या म्हणाले, "थांबीव."

"हितं? घर फुडं हाय की, दादा."

"मला हितंच उतरायचंय. जल्माचं ऱ्हायलंय."

आबांनी वेग कमी केला. मग त्यांचा हात पुढं गेला, काचेतली पाटी त्यांनी उचलली, उलटी करून मांडीवर ठेवली, आणि मगच ब्रेक दाबला. पाटी असताना ते थांबले नसते. सख्ख्या भावासाठीही नाही.

तात्या उतरले. रिकाम्या फाट्यावर काठी टेकून उभे राहिले, पूर्वी उभे होते तिथंच. मग मान वर करून म्हणाले, "आज तिला बघायला पायजे हुतं रं, येशा."

आबा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. थोरली आई गेल्यापासून मी त्यांना असं मोकळं रडताना बघितलं नव्हतं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. तात्या गेले. गाडी म्हातारी झाली, वॉरंटी कधीच संपली, आणि बॉनेटखाली आबा हवा तिथं हात लावतात. दर नवरात्रात तुमचा मेसेज येतो : दसऱ्यानिमित्त आपल्या लाडक्या वाहनाची पूजा आमच्याकडे मोफत. दर वर्षी मी तुम्हाला फोन करते. मुलगी बदलते, उत्तर तेच. वर कळवलंय, मॅडम.

तेव्हा आता सगळ्यांच्या देखत विचारते. तुमच्या शेडमध्ये, तुमच्या माणसांनी फिल्टर काढून ठेवलेला असताना, तुमच्या गुरुजींनी टाकलेल्या अक्षता तुमच्या वॉरंटीत बसतात की नाही? बसत असतील तर यशवंत बाबर ह्या नावापुढचे 'अयोग्य देखभाल' हे दोन शब्द अजून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काय करताहेत? आबा आहेत. कानानं थोडं कमी येतं, पण फोन वाजला की अजून उठून उभे राहतात. जरा मोठ्यानं सांगा त्यांना. कधी सांगताय?